चौक आणि चव्हाटा : मुंबईचा हुतात्मा चौक व नंदुरबारचा माणिक चौक

मराठीत ‘चौक’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो, आणि हे दोन अर्थ एकमेकांशी फारसे जुळणारे नाहीत. वाड्यातला चौक चारी बाजूंनी ओसऱ्यांनी बांधलेला, वर आभाळ उघडे असलेला, आत येणाऱ्याला थांबविणारा असतो. संस्कृत ‘चतुष्क’ ह्या शब्दाशी त्याचे नाते सरळ आहे. गावातला चौक मात्र बहुधा चार रस्ते जेथे मिळतात ती जागा होय. तेथे कोणी थांबावे अशी त्या जागेची अपेक्षा नसते. ह्या दुसऱ्या जागेसाठी मराठीत अधिक नेमका शब्द आहे, तो म्हणजे चव्हाटा. कोकणात चव्हाटा हे दैवतही आहे. आणि एखादी गोष्ट चव्हाट्यावर आली असे म्हणताना ती सर्वांच्या वाटेवर येऊन पडली, आता ती कोणाला झाकता येणार नाही, असाच भाव असतो. नगररचनेवरील मराठी लेखनात ‘चौक’ हा एकच शब्द दोन्ही जागांना लावला जातो. त्यामुळे बांधलेल्या जागेची कसोटी न बांधलेल्या जागेला लावली जाते आणि निष्कर्ष चुकतो. महाराष्ट्राच्या राजधानीतला प्रमुख चौक म्हणजे मुंबईच्या कोट विभागातील हुतात्मा चौक. तो ह्या चुकीचे ठळक उदाहरण आहे. आजवर त्याची तपासणी झाली ती मुख्यतः त्याच्या मध्यभागी असलेल्या वस्तूंवरून. त्या वस्तूंभोवतीच्या जागेचे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

ह्या चौकाचा उगम एका दरवाज्यात आहे. इंग्रजांच्या मुंबईला तटबंदी होती, तटाबाहेर खंदक होता, आणि तटाला तीन प्रमुख दरवाजे होते : उत्तरेस बाजार गेट, दक्षिणेस अपोलो गेट आणि पश्चिमेस चर्च गेट. सेंट थॉमस चर्चकडून येणारा रस्ता ज्या दरवाज्यातून बाहेर मैदानाकडे जात असे, तो हा तिसरा दरवाजा. १८६० च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या कारकीर्दीत तट पाडण्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेल्या भावाचा पैसा शहरात खेळत होता, कोटाच्या आत माणसांना श्वास घ्यायला जागा उरली नव्हती, आणि लष्करी दृष्ट्या त्या भिंतीचा उपयोग केव्हाच संपला होता. तट गेला, खंदक बुजला, आणि दरवाज्याच्या जागी एक मोकळीक राहिली. तिच्यात कोटातला रस्ता, मैदानाच्या कडेने जाणारा रस्ता आणि उत्तरेकडे बोरीबंदरला जाणारा रस्ता एकत्र आले. म्हणजे ह्या जागेचा आकार कोणी आखला नाही. भिंत काढल्यावर जो उरला तोच तिचा आकार.

त्या उरलेल्या आकारात कारंजे आले, तेही जवळजवळ योगायोगाने. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यान संस्थेने ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया उद्यानासाठी योजिले होते. त्याला फ्रिअरसाहेबांचे नाव द्यावयाचे असा मूळ बेत होता. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ ह्या वास्तुकाराचा, कोरीव काम जेम्स फोर्सिथ ह्या शिल्पकाराचे, दगड इंग्लंडातल्या पोर्टलंडचा. सुमारे ४७ हजार रुपयांच्या खर्चापैकी २० हजार रुपये कर्सेटजी फर्दुनजी पारेख ह्या पारशी गृहस्थांनी दिले होते. अखेरीस कारंजे उद्यानात गेले नाही आणि त्याला गव्हर्नरचे नावही मिळाले नाही. माथ्यावरील रोमन पुष्पदेवता फ्लोरा हिच्यावरून ते ओळखले जाऊ लागले. उद्यानातल्या हिरवळीत, झाडांच्या पार्श्वभूमीवर, सावकाश फिरणाऱ्या माणसाने चोहोंबाजूंनी पाहावे म्हणून घडविलेली कृती रस्त्यांच्या मिलाफावर येऊन उभी राहिली. तिच्या शंखशिंपल्यांच्या नक्षीचे बारकावे हातभर अंतरावरून पाहावेत असे आहेत. प्रत्यक्षात गेली दीडशे वर्षे बहुतेक लोक ती रस्त्याच्या पलीकडून किंवा वाहनातून पाहत आले आहेत. शॉ ह्यांच्या रचनेला दोष देण्याचे कारण नाही. रचना चांगलीच आहे. ती वेगळ्या जागेसाठी होती, एवढेच.

येथून काही मिनिटांच्या अंतरावर मुंबईत खरोखर आखलेला असा एक चौक आहे, आणि तुलनेसाठी तो फार उपयोगी पडतो. जुन्या ‘बाँबे ग्रीन’ नावाच्या पटांगणावर १८६० च्या दशकात एल्फिन्स्टन सर्कलची योजना झाली. मध्यभागी वर्तुळाकार बाग, तिच्याभोवती एकाच उंचीच्या व एकाच वळणाच्या इमारतींची कमानदार रांग, आणि पूर्वेस टाउन हॉलची भव्य स्तंभपंक्ती. लंडन-बाथकडील वर्तुळाकार चौकांचे ते मुंबईतले रूप होय. स्वातंत्र्यानंतर त्याला ‘बाँबे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन ह्यांचे नाव मिळाले. इंग्रज सरकारने १९१९ मध्ये ज्यांना हद्दपार केले त्या इंग्रज माणसाचे नाव इंग्रजांच्या सर्वांत नेटक्या चौकाला लाभावे ह्यात औचित्य आहे. रचनेच्या शास्त्राप्रमाणे पाहता हॉर्निमन सर्कल निर्दोष म्हणावे असे आहे : बंदिस्ती आहे, प्रमाण आहे, सावली आहे. मात्र त्याच्या मध्यभागी कुंपण घातलेली बाग आहे, आणि तिच्यामुळे माणसे एकत्र जमण्याऐवजी कडेकडेने फिरतात. मुंबईच्या जनआंदोलनांच्या आठवणीत ह्या सुंदर वर्तुळाला जवळजवळ स्थान नाही. जेथे काहीच आखले गेले नव्हते त्या फाउंटनकडे ते स्थान गेले.

व्हिएन्नाचे वास्तुकार कॅमिलो झिट्टे ह्यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नगररचनेवरील ग्रंथात जुन्या युरोपीय चौकांचा अभ्यास करून एक साधे तत्त्व मांडले. चौकाचा मध्य मोकळा ठेवावा. पुतळे, कारंजी, स्तंभ हे कडेला, वाहतुकीच्या वाटेबाहेर असावेत. आणि चौकातून बाहेर जाणारे रस्ते शक्यतो एकदम नजरेस पडू नयेत, म्हणजे आत उभ्या असलेल्या माणसाला आपण कशाच्या तरी आत आहोत असे वाटते. हे तत्त्व हुतात्मा चौकाला लावले तर तो प्रत्येक कलमात नापास होतो. मध्यभागी कारंजे आहे. रस्ते सरळ नजरेला बाहेर ओढून नेतात. पश्चिमेकडे उच्च न्यायालयाच्या व विद्यापीठाच्या दिशेला इमारतींची रांग विरळ होते आणि पुढे मैदानाची मोकळीक जाणवू लागते. दादाभाई नौरोजी रस्त्यावरील इमारतींना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातलेल्या नियमामुळे कमानींखालचे पादचारी मार्ग लाभले. ह्या परिसरातील खऱ्या अर्थाने सार्वजनिक अशी जागा तीच. उन्हापावसात मुंबईकर उभा राहतो तो त्या कमानींखाली. चौकात कोणी उभे राहत नाही. फेरीवाले आणि जुन्या पुस्तकांचे विक्रेते ह्यांनी पदपथांवर जे व्यवहार वर्षानुवर्षे केले, त्यांतून ह्या परिसराला जेवढे ‘चौकपण’ मिळाले तेवढे शॉ ह्यांच्या पुष्पदेवतेमुळे मिळालेले नाही.

तथापि झिट्टे ह्यांच्या कसोटीवर येथेच थांबणे म्हणजे पुन्हा वाड्याच्या चौकाची कसोटी चव्हाट्याला लावणे होय. फाउंटनचे महत्त्व २१ नोव्हेंबर १९५५ ह्या दिवसाने ठरविले, आणि त्या दिवशी त्या जागेचा जो उपयोग झाला तो तिच्या चव्हाटेपणामुळेच झाला. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल त्या वर्षीच्या शरद ऋतूत प्रसिद्ध झाला होता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी त्यात नाकारली गेली होती, आणि नंतर पुढे आलेल्या तीन राज्यांच्या तोडग्यातही मुंबई महाराष्ट्रापासून वेगळीच राहत होती. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री त्या वेळी मोरारजी देसाई होते. विधिमंडळाचे अधिवेशन म्युझियमजवळच्या कौन्सिल हॉलमध्ये चालू होते. १८ नोव्हेंबरला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या मोर्च्यावर लाठीमार झाला होता. २१ तारखेला कामगार गिरणगावातून व इतर वस्त्यांतून विधिमंडळाच्या दिशेने निघाले. त्यांना जावयाचे होते कौन्सिल हॉलला, फाउंटनला नव्हे. फाउंटनपासून कौन्सिल हॉल एक किलोमीटरपेक्षाही कमी अंतरावर आहे. पोलिसांनी लोकांना अडविले ते ह्या रस्त्यांच्या मिलाफावर, आणि तेथे गोळीबार झाला. त्या दिवशी १५ माणसे मृत्युमुखी पडली.

ह्या घटनेतील स्थलाचा भाग नीट लक्षात घेतला पाहिजे. लोकांनी फाउंटन निवडले नाही, पोलिसांनी निवडले. चहूकडून येणारे रस्ते जेथे एक होतात, तेथे सर्वांना एकदम अडविता येते, हे कोणत्याही बंदोबस्ताच्या अधिकाऱ्याला कळणारे गणित आहे. तटबंदीच्या काळात त्याच जागी दरवाजा होता, आणि दरवाज्याचेही काम तेच होते : कोणाला आत येऊ द्यावयाचे आणि कोणाला नाही हे ठरविणे. तट पडून ९० वर्षे होत आली होती. पण गिरणगावातून आलेल्या माणसाला त्या दिवशी ‘आत’ आणि ‘बाहेर’ ह्यांची सीमा जुन्या चर्च गेटच्या जागीच सापडली. मुंबईच्या इतिहासलेखनात तट पाडल्याचा उल्लेख नेहमी मोकळेपणाची नांदी म्हणून येतो. तो अर्धाच खरा आहे.

आणखी एक गोष्ट. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या १०५ अशी रूढ झाली. पुढे ती १०६ व १०७ अशीही मोजली गेली. त्यांतील बहुसंख्य फाउंटनला मृत्यू पावलेले नाहीत. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा पंतप्रधान नेहरूंनी केल्यानंतर जो उद्रेक झाला त्यात शहराच्या इतर भागांत, विशेषतः कामगारांच्या व मध्यमवर्गीयांच्या वस्त्यांत, झालेल्या गोळीबारांत अधिक माणसे गेली. तरी स्मारक झाले फाउंटनला, आणि ते योग्यच झाले. आपापल्या गल्लीत, चाळीच्या तोंडाशी मेलेल्या माणसांना एकत्र आणणारी जागा राजधानीच्या चव्हाट्यावरच असावयास हवी. मात्र त्यामुळे एक सूक्ष्म अन्यायही झाला : गिरगाव, लालबाग, परळ येथील ज्या नाक्यांवर प्रत्यक्ष रक्त सांडले ते नाके स्मृतीतून पुसट झाले. चौकाच्या नावाने जे गोळा केले, ते मूळ ठिकाणांवरून उचलले गेले.

१ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाल्यानंतर लवकरच चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले आणि कारंज्याच्या शेजारी स्मारक उभे राहिले : मशाल उंच धरलेली कामगार व शेतकरी अशी जोडी. शिल्प म्हणून ते त्या काळच्या सार्वजनिक शिल्पकलेच्या परिचित वळणाचे आहे. पुढे रेललेली देहयष्टी, निर्धाराचे चेहरे. त्यावर कृत्रिमतेचा आरोप सहज करता येईल, आणि कारंजे ही वसाहतीची खूण तर स्मारक ही लोकराज्याची खूण, म्हणून त्यांचे शेजारपण विजोड आहे असेही अनेकदा बोलले जाते. ह्या दुसऱ्या मताशी सहमत होणे कठीण आहे. विजोडपणा हा इतिहासाचाच आहे. तो झाकण्याचे कारण नाही. पुष्पदेवतेला हलविले असते तर गोळीबार ज्या ‘फाउंटन’वर झाला तेच नाहीसे झाले असते, आणि आजही रस्त्यावरचा माणूस पत्ता सांगताना ‘फाउंटन’ म्हणतो ह्यात हुतात्म्यांचा अवमान नाही.

खरा दोष निराळा आहे. कारंजे पाहण्यासाठी आहे आणि स्मारकही पाहण्यासाठीच आहे. दोन्ही वस्तू उंच चौथऱ्यांवर आहेत, दोन्ही मध्यभागाचा हक्क सांगतात, दोन्हींभोवती वाहतूक फिरते. १९५५ चा समुदाय ज्या भूमीवर उभा होता ती भूमी मात्र रस्त्याकडेच राहिली. जी जोडी मशाल घेऊन पुढे निघाली आहे तिच्यासमोर पाऊल टाकायला जागा नाही. अडविलेल्या माणसांचे स्मारक करताना उभे राहण्याची जागा राखून ठेवावी, हा विचार स्मारकाच्या कल्पनेत आलाच नाही. गेल्या काही वर्षांत, कारंज्याच्या जीर्णोद्धाराबरोबर, काही प्रमाणात ही उणीव भरून निघाली. दगडावरील तैलरंगाचे थर काढण्यात आले, पाणी पुन्हा सुरू झाले, कारंजे जानेवारी २०१९ मध्ये लोकांसाठी खुले झाले, आणि भोवती पादचाऱ्यांसाठी फरसबंद मोकळी जागा झाली. कामाच्या काळात जमिनीखाली ट्रामचे जुने रूळही सापडले. १९६४ मध्ये मुंबईची शेवटची ट्राम धावली त्यानंतर ते विसरले गेले होते. ह्या जागेची खरी जात दाखविणारी वस्तू म्हणून फ्लोराच्या मूर्तीइतकेच महत्त्व त्या रुळांना द्यावयास हवे. ही जागा वाटांची होती.

राजधानीचे हे उदाहरण एकट्याने पाहिले तर असा समज होतो की हा मोठ्या शहराचा, वाहतुकीचा प्रश्न आहे. तो तसा नाही, हे राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, नंदुरबारला गेल्यावर कळते. तेथेही गोळीबार झालेला एक चौक आहे, तेथेही हुतात्म्यांचे स्मारक आहे. पण ती जागा जातीने वेगळी आहे.

नंदुरबार हे सुरत आणि बऱ्हाणपूर ह्यांना जोडणाऱ्या जुन्या व्यापारी मार्गावरचे गाव. इब्न बतूता १३४२ च्या सुमारास दौलताबादहून खंबायतकडे जाताना येथून गेला. मराठ्यांची वस्ती असलेले लहान गाव असे वर्णन त्याने केले आहे, आणि येथील कारागीर, वैद्य व ज्योतिषी ह्यांचे कौतुक केले आहे. सतराव्या शतकात येथे इंग्रजांची वखार होती. पुढे तापी खोऱ्यातून रेल्वे आली, आणि मिरचीच्या बाजारपेठेसाठी गावाचे नाव दूरवर झाले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. त्यापूर्वी शतकानुशतके त्याचे महत्त्व प्रशासनापेक्षा पेठेचे होते. माणिक चौक हे नावही त्याच पेठेच्या संस्कृतीतले आहे. अहमदाबादचा माणेक चौक प्रसिद्धच आहे, आणि गुजरातकडील बाजारपेठांत हे नाव परिचयाचे आहे. भिंत पाडून वा वर्तुळ आखून हा चौक झालेला नाही. देवघेवीतून तो झाला.

सप्टेंबर १९४२ मध्ये ‘चले जाव’ चळवळीच्या काळात नंदुरबारच्या शाळकरी मुलांनी मिरवणूक काढली. पंधरा-सोळा वर्षांचा शिरीषकुमार मेहता हातात तिरंगा घेऊन अग्रभागी होता. मिरवणूक बाजारपेठेतून फिरून माणिक चौकात आली तेव्हा पोलिसांनी ती अडविली आणि गोळीबार केला. मुलींच्या दिशेने रोखलेल्या बंदुकीपुढे शिरीषकुमार उभा राहिला, असे नंदुरबारमध्ये सांगितले जाते. त्याच्यासह लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हे धारातीर्थी पडले. ९ सप्टेंबर हा दिवस गाव आजही पाळते.

मुंबई आणि नंदुरबार येथील दोन घटनांत वरवर साम्य पुष्कळ आहे : मिरवणूक, अडवणूक, गोळीबार, नामकरण. स्थलदृष्ट्या त्या उलट्या आहेत. मुंबईचा मोर्चा दुसरीकडे जात असता मध्येच अडविला गेला. नंदुरबारची मिरवणूक जेथे पोचावयाची तेथेच पोचली होती. बाजाराचा चौक हेच तिचे गन्तव्य होते, कारण ज्यांना ऐकवावयाचे होते ते वडीलधारे, व्यापारी आणि शेजारी तेथेच होते. मारणारे सरकारचे होते, पण पाहणारे सर्व ओळखीचे होते. हुतात्म्यांची नावे मुंबईत यादीत वाचावी लागतात. नंदुरबारला ती घराण्यांची नावे आहेत. म्हणून माणिक चौकातले स्मारक आकाराने लहान असूनही जागेवर ओझे होत नाही. बाजार त्याच्याभोवती चालू राहतो, आणि ९ सप्टेंबरला तोच बाजार श्रोता होतो. ह्याचा अर्थ माणिक चौक रचनेचा आदर्श आहे असा नव्हे. गर्दी, अडचण, दुकानांची दाटी हे सर्व पेठेचे दोष तेथे आहेत, आणि स्मारकाकडे दुरून निवांतपणे पाहता येईल अशी सोय नाही. परंतु तेथे उभे राहण्याचा अधिकार कोणाला मागावा लागत नाही; खरेदीला आलेला माणूस उभाच असतो.

भाषेच्या दृष्टीनेही ही तुलना अस्वस्थ करणारी आहे, आणि ती अस्वस्थता टाळून चालणार नाही. नंदुरबारच्या मुलांच्या घोषणांत गुजराती भाषा होती. पाच नावांपैकी बहुतेक गुजराती व्यापारी घरांची, एक केतकर. ती मिरवणूक कोणत्या भाषेची हा प्रश्न १९४२ मध्ये कोणाला पडला नाही. फाउंटनचे रक्त सांडले ते भाषेच्या राज्यासाठी. आणि ते राज्य झाले तेव्हा १९६० च्या पुनर्रचनेच्या कायद्याने तत्कालीन पश्चिम खानदेश जिल्ह्यातील नंदुरबार, नवापूर, तळोदे व अक्कलकुवे ह्या भागांतील काही गावे गुजरातेत गेली. राजधानीच्या चौकात ज्या विजयाचे स्मारक आहे त्याचीच सीमारेषा माणिक चौकाच्या बाजारहाटाच्या मुलखातून गेली. हुतात्मा चौकावरील लेखनात ही बाजू येत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचे न्याय्यपण त्यामुळे कमी होत नाही. पण राजधानीच्या चौकाकडून राज्याकडे पाहिले म्हणजे काय दिसते आणि काय दिसत नाही, हे त्यावरून कळते.

ह्याच जिल्ह्यात, सातपुड्याच्या आत, आणखी एक राजधानी होती : काठी. मेवासी संस्थानांपैकी ते एक. तेथे चौक बांधलेला नाही, कमान नाही, चौथरा नाही. होळीच्या रात्री मात्र सातपुड्यातील पाड्यापाड्यांतून, शेजारच्या गुजरात-मध्य प्रदेशातूनही, हजारो आदिवासी तेथे येतात. अवजार न वापरता हातांनी खणलेल्या खड्ड्यात उंच बांबू उभा केला जातो. बुध्या, बावा अशी सोंगे घेतलेले, व्रत पाळलेले नर्तक घुंगरू बांधून ढोलांच्या तालावर रात्रभर फेर धरतात, आणि पहाटे होळी पेटते. परंपरा ह्या होळीचे मूळ तेराव्या शतकापर्यंत नेते. संस्थाने गेली तरी तिला राजवाडी होळी म्हणतात. नगररचनेच्या पुस्तकात ह्या पटांगणाला नाव मिळणार नाही. झिट्टे ह्यांचे तत्त्वही येथे उलटे होते, कारण मध्यभागी बांबू आहे. पण तो मध्य एका रात्रीपुरता आहे, आणि त्याच्याभोवतीची जागा वाहनांची नसून नाचणाऱ्यांची आहे. मध्यभागी वस्तू असणे हा दोष नव्हे. तिच्याभोवती फिरण्याचा हक्क कोणाचा, हा खरा प्रश्न आहे. काठीत त्याचे उत्तर दरवर्षी एकदा स्पष्ट मिळते.

मुंबईत त्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू नकारार्थी होत गेले. १९५५ नंतरच्या दशकांत मोर्चे फाउंटन ओलांडून काळा घोड्यापर्यंत जात आणि तेथे अडविले जात. ‘काळा घोडा येथे मोर्चा अडविला’ हे वाक्य त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांना पाठ होते. एडवर्ड राजाचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलविल्यावरही अडविण्याचे ठिकाण तेच राहिले. १९८१ मध्ये विधिमंडळ नरिमन पॉइंटच्या नव्या विधान भवनात गेले, आणि कौन्सिल हॉलकडे जाणाऱ्या रस्त्याचा राजकीय अर्थच सरला. आज मोर्च्यांना आझाद मैदानात बसविले जाते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून पायी आलेले शेतकरी, ज्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते, आझाद मैदानातच थांबले. मैदान प्रशस्त आहे, बंदोबस्ताला सोयीचे आहे, आणि कडेला आहे. चव्हाट्यावर येणे म्हणजे सर्वांच्या वाटेत येणे, हा शब्दाचा अर्थ घेतला तर त्या मैदानाला चव्हाटा म्हणता येत नाही. तेथील घोषणा कार्यालयात जाणाऱ्या माणसाच्या वाटेत येत नाही. तो कमानींखालून आपल्या वाटेने जातो.

तेव्हा हुतात्मा चौकाच्या पुढील कोणत्याही अभ्यासात किंवा सुधारणेच्या आराखड्यात पुतळ्यांची डागडुजी, प्रकाशयोजना आणि फरशी ह्यांच्याबरोबर एक मोजमाप अवश्य असावे : वर्षातून निदान एका दिवशी, २१ नोव्हेंबरला, वाहतूक थांबवून, स्मारकापासून जुन्या कौन्सिल हॉलच्या दिशेने, त्या रस्त्यावर किती माणसे उभी राहू शकतील ह्याचे.